नवोदयला नंबर लागला, आता सहावीचं वर्ष कसं काढायचं?

नवोदयच्या, म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेची तयारी करणारं मूल वर्षभर एकच काम करत असतं. चार पर्याय बघायचे, तीन बाद करायचे, उरलेला गोल काळा करायचा. ८० प्रश्न, दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. त्यातले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. भाषेच्या भागातसुद्धा उतारा वाचून पर्यायच निवडायचा असतो, स्वतःचं एक वाक्य लिहावं लागत नाही. मग यादीत नाव येतं, मूल गोव्यातल्या वाळपईच्या किंवा काणकोणच्या नवोदयला जातं आणि पहिल्याच चाचणीत पेपर म्हणतो: कारणे लिहा, तुमच्या शब्दांत सांगा, रीत दाखवा. तिथे गाडी अडते. गुण घरी कळतात आणि आई-बाबा एकमेकांकडे बघत बसतात.

गावच्या शाळेत पहिलं येणारं मूल इथे एकदम मधे कुठेतरी दिसू लागतं, कारण वर्गातलं प्रत्येक मूल कुठल्यातरी गावच्या शाळेत पहिलंच होतं. सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात आणि त्यातल्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या असतात. सत्तरी, पेडणे, डिचोली, सांगे, केपे इथली वाड्यावाड्यांतली हुशार मुलं एका छपराखाली आली की कुणीतरी तिसावं येणारच. हे आधीच मान्य करून टाकलं की पुढचं बरंच सोपं जातं.

माझ्याकडे शिकवणीला येणारी आणि पुढे नवोदयला जाणारी मुलं सुट्टीत वह्या घेऊन भेटायला येतात. त्या वह्यांवरून सांगते: अडचण बुद्धीची क्वचितच असते. लिहिणं, विचारणं आणि एकट्याने अभ्यासाला बसणं, या तीन सवयी नसतात. प्रवेश परीक्षेने त्या कधी तपासलेल्याच नसतात.

घर सोडण्याआधीचे आठवडे

निकाल लागला की सराव प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा माळ्यावर टाका. आकृत्यांची मालिका पूर्ण करण्याचा आता काही उपयोग नाही. त्याऐवजी रोज दोनच गोष्टी करून घ्या.

पहिली, रोज दहा ओळी लिहिणं. एक दिवस इंग्रजीत, एक दिवस हिंदीत. विषय कुठलाही चालेल: आज घरात काय झालं, शेजारच्या काकांच्या काजूच्या बागेत काय पाहिलं, बस का चुकली. चुका लाल शाईने रंगवू नका. दहा ओळी पूर्ण झाल्या का आणि वाक्यं पुरी आहेत का, एवढंच बघा. सुरुवातीला चार ओळींवर हात दुखतो, कारण वर्षभर गोल भरण्यापलीकडे हाताला काम नव्हतं.

दुसरी, गणिताची रीत मांडणं. एक उदाहरण घ्या. साखळी गावच्या स्टँडवरून एक बस दर १२ मिनिटांनी सुटते, दुसरी दर १८ मिनिटांनी. आत्ता दोन्ही एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील? प्रवेश परीक्षेत मूल पर्याय तपासतं. २४ ला १८ ने भाग जात नाही, ३६ ला दोन्हींनी जातो, झालं. शाळेत तेवढ्यावर पूर्ण गुण मिळत नाहीत. तिथे १२ = २ × २ × ३, १८ = २ × ३ × ३, म्हणून लसावि = २ × २ × ३ × ३ = ३६, उत्तर ३६ मिनिटांनी, असं पायरीपायरीने लिहावं लागतं. ज्याला उत्तर मनातल्या मनात येतं त्याला हे लिहिणं कंटाळवाणं वाटतं. तयारीत सगळ्यात चपळ असलेली मुलंच इथे जास्त गुण गमावतात.

पुस्तकं एनसीईआरटीची असतात. २०२४ पासून सहावीची पुस्तकं नवी आहेत, त्यामुळे शेजारच्या दादाची जुनी मागून आणू नका. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती इंग्रजी आणि हिंदीत फुकट मिळतात. विज्ञानाचा पहिला धडा दोन्ही भाषांत डाउनलोड करून घ्या आणि मोठ्याने वाचून घ्या. पुढचे धडे संपवायची घाई नको. जे वर्गात होणार आहे ते आधीच उरकून पाठवलं, तर मूल तिथे लक्ष देत नाही.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. शाळा यादी देते, त्याप्रमाणे मूळ प्रती आणि झेरॉक्स एका फाईलमध्ये लावा. ग्रामीण कोट्यातून निवड झाली असेल तर तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झाल्याचे दाखले लागतात. चौथीची प्राथमिक शाळा आणि पाचवीचं हायस्कूल वेगळं असेल तर दोन ठिकाणी खेपा घालाव्या लागतील, तेव्हा ते काम आधी उरका. प्रवेशाच्या दिवशी शाळेत एक प्रश्न मात्र नक्की विचारा: कुठला विषय कुठल्या भाषेतल्या पुस्तकातून शिकवणार? त्यावर पुढची तयारी ठरते.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत अभ्यासाची अपेक्षाच ठेवू नका. पहाटे उठून पीटीला जायचं, रांगेत उभं राहून आंघोळ, वर्ग, संध्याकाळी खेळ, मग देखरेखीखालचा अभ्यास, ठरल्या वेळी दिवे बंद. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी यांपैकी कुठल्यातरी हाऊसमध्ये, म्हणजे वसतिगृहातल्या गटात, नाव पडतं. आपली बादली, आपला साबण, आपली पेटी सांभाळायची. त्यात जून-जुलैचा पाऊस. वाळपईचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. अंतर्वस्त्रं आणि मोजे जास्तीचे द्या. ओले मोजे घालून बसलेल्या मुलाचं लक्ष फळ्यावर राहत नाही, म्हणून हीसुद्धा अभ्यासाचीच तयारी समजा. आणि रोज ताटात नुस्तं, म्हणजे मासे, मिळणार नाही, हे घरूनच सांगून ठेवा.

अभ्यासाची एकच सवय या पंधरवड्यात लावायची. घरी आई शेजारी बसायची, 'आता गणित काढ, आता हे वाच' म्हणायची. इथे एका खोलीत चाळीस मुलं आणि एक शिक्षक असतात. काय काढायचं ते स्वतः ठरवावं लागतं. नाहीतर दप्तर उघडून, पुस्तकं लावून, पेन्सिलीला टोक काढून तास संपतो. तेव्हा बसण्याआधी कागदाच्या चिटोऱ्यावर तीन कामं लिहायची, तिन्ही मोजता येतील अशी. 'विज्ञान वाचणे' चालणार नाही. 'धडा दोन, पाने तीन, खालच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे' असं हवं. झालेलं काम खोडायचं. चिटोरा दुसऱ्या दिवसापर्यंत जपायचा, राहिलेलं काम त्या दिवशी पहिलं घ्यायचं. घरी असतानाच आठवडाभर हे करून बघा, आणि तेव्हा तुम्ही शेजारी बसू नका.

भाषा

गोव्यातल्या मुलाचं भाषेचं ओझं महाराष्ट्रातल्या नवोदयच्या मुलापेक्षा जास्त असतं, असं माझं मत आहे. घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीला गावच्या हायस्कुलात एकदम इंग्रजी, आणि वर्षभरात वसतिगृहात हिंदी. नवोदय समितीचं धोरण असं की सातवी-आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा वापरायची आणि त्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रं हिंदीतून. म्हणजे आठवीपर्यंत मुलाला दोन्ही भाषांत पुरी उत्तरं लिहिता आली पाहिजेत. दोन वर्षं आहेत हातात, पण ती आपोआप कामी येत नाहीत.

यासाठी एक वही वेगळी ठेवायची. पानाचे तीन उभे रकाने: मराठी, इंग्रजी, हिंदी. गणितापासून सुरुवात करा, कारण तिथे शब्द थोडे आणि पुन्हा पुन्हा येणारे. अपूर्णांक, फ्रॅक्शन, भिन्न. मूळ संख्या, प्राइम नंबर, अभाज्य संख्या. परिमिती, पेरिमीटर, परिमाप. गुणोत्तर, रेशो, अनुपात. इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीत, स्पेलिंगसह लिहायचा. रोज पाच शब्द पुरेत. मुलाला परिमिती काढता येत असते, नुसता पेपरातला शब्द अनोळखी असतो. अशा ठिकाणी जाणारे गुण सगळ्यात आधी परत मिळवता येतात.

हिंदीबद्दल पालक गाफील असतात. 'टीव्ही बघून हिंदी येतंच' म्हणतात. बोलता येतं, लिहिताना लिंगात घसरतं. मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोन, त्यामुळे आपले नपुंसकलिंगी शब्द तिकडे कुठे गेले ते पाठच करावं लागतं. पुस्तक तिकडे स्त्रीलिंगी, घर आणि पानी पुल्लिंगी. असे शब्द त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहीत जायचे. इंग्रजीसाठी वेगळं व्याकरण घोकण्यापेक्षा शाळेच्या वाचनालयातून पातळ गोष्टीचं पुस्तक घेऊन आठवड्याला एक वाचलेलं बरं. शब्दकोश प्रत्येक ओळीला उघडायचा नाही, पानात तीनदा अडलं तरच.

आणि मराठी सोडू नका. घरी पत्र लिहायचं ते मराठीतच लिहू दे.

उत्तर लिहायला शिकणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्न आला: सह्याद्रीच्या पश्चिमेला पाऊस जास्त का पडतो? आपलं मूल लिहितं: 'डोंगरामुळे.' चुकीचं नाही, पण तीन गुणांच्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देऊन कसं चालेल? असं हवं: 'अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्प घेऊन येतात. सह्याद्री आडवा आल्यामुळे ते वर चढतात आणि थंड होतात. बाष्पाचं पाणी होऊन पश्चिमेकडच्या उतारावर पाऊस पडतो.' तीन गुण, तीन मुद्दे. गुणांचा आकडा बघून तेवढे मुद्दे मोजायचे, हा साधा नियम मुलाला कुणीतरी उघड सांगावा लागतो. शिक्षक धरून चालतात की तो माहीत आहे.

सराव कसा? धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं चार वाक्यांत लिहायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते वेगळ्या रंगाने भरायचं. वर्गात लिहून दिलेली उत्तरं घोकून पाठ करणारी मुलं सहावीत तरून जातात, आठवीत अडकतात. माझ्या मते नवोदयला गेलेल्या मुलाने घोकंपट्टी पहिल्याच वर्षी सोडावी, गुण थोडे कमी पडले तरी.

पहिली चाचणी आणि तिचा पेपर

गुण कमी येतील असं धरून चाला. महत्त्वाचं काम पेपर परत मिळाल्यावर सुरू होतं. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे एक अक्षर लिहायचं. 'न' म्हणजे आलंच नाही. 'ल' म्हणजे येत होतं पण पुरं लिहिलं नाही. 'भ' म्हणजे प्रश्नाची भाषा कळली नाही. 'घ' म्हणजे घाई. मग अक्षरं मोजायची.

'ल' जास्त असतील तर वर सांगितलेला चार वाक्यांचा सराव वाढवायचा. 'भ' असतील तर तीन रकान्यांची वही. 'घ' असतील तर पेपर संपल्यावर शेवटची दहा मिनिटं फक्त आकडेमोड तपासायला ठेवायची. प्रवेश परीक्षेतला दीड मिनिटाचा वेग अंगात भिनलेला असतो, तो इथे मुद्दाम कमी करावा लागतो. 'न' जास्त असतील तरच विषय नव्याने शिकायची गरज आहे, आणि पहिल्या चाचणीत बहुधा 'न' सगळ्यात कमी असतात. हे मुलाला स्वतः मोजून दिसलं की 'मला काही येत नाही' हे रडगाणं बरंच थांबतं.

विचारायचं कसं

आपल्याकडची मुलं मोठ्यांसमोर गप्प राहतात, त्यालाच आपण शहाणपण म्हणतो. नवोदयात गप्प राहणारं मूल मागे पडतं, कारण संध्याकाळी घरी विचारायला कुणी नाही. चांगली गोष्ट अशी की शिक्षक आवारातच राहतात आणि संध्याकाळच्या अभ्यासाला कुणीतरी असतंच.

'सर, समजलं नाही' असं मोघम विचारलं की पुन्हा सगळं तसंच सांगितलं जातं आणि पुन्हा समजत नाही. अडलेली जागा दाखवायला शिकवा: 'मॅडम, इथपर्यंत आलं, पण ही तिसरी पायरी कशी आली?' त्यासाठी वहीत अडलेल्या ओळीपाशी फुली मारायची आणि दिवसाला निदान एक फुली विचारून मिटवायची. शिक्षकांची फार भीड वाटत असेल तर हाऊसमधल्या सातवी-आठवीच्या ताई-दादाला विचारायचं. त्यांनी हेच एक-दोन वर्षांपूर्वी भोगलेलं असतं.

उपचारात्मक वर्गाला, म्हणजे मागे पडलेल्या मुलांच्या जादा वर्गाला, नाव घातलं तर घरून कपाळाला हात लावू नका. छोट्या गटात शिक्षक मिळताहेत, तेही फुकट. बाहेर याच गोष्टीसाठी लोक शिकवणीला पैसे मोजतात. मी स्वतः शिकवणी घेते, म्हणून हे बोलायचा हक्क आहे असं समजते.

फोन, भेट आणि चवथ

मुलाकडे मोबाईल नसतो. शाळा ठरवून देईल त्या वेळी फोन. त्या चार मिनिटांत 'किती पडले, पहिला कोण आला' हे विचारलंत की पुढच्या वेळी मूल फोनवर 'हो', 'बरं' एवढंच बोलतं. त्याऐवजी विचारा: या आठवड्यात कुठला धडा आवडला? कुणाला काय विचारलंस? चिटोऱ्यावर काय राहिलं? पालकभेटीचा दिवस साधारण महिन्यातून एकदा असतो. तेव्हा डबा न्या, पण अर्धा तास वह्या बघा आणि हाऊसमास्तरांना भेटा. 'कसा आहे?' असं विचारू नका. 'अभ्यासाच्या तासाला काय करत बसतो?' असं विचारा, खरं उत्तर मिळेल.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूल घरी येतं. गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी, आरत्या, भजनं, फुगड्या, सगळे नातेवाईक. गोव्यातल्या मुलाला परत जाताना जो त्रास होतो तो जूनमध्येही झालेला नसतो. परत पाठवायच्या आदल्या संध्याकाळी घरात गर्दी ठेवू नका. पेटी मुलालाच भरू दे. परतल्यावरचे आठ दिवस अभ्यास बसणार नाही, आणि सहामाही जवळ आलेली असते. म्हणून सुट्टीआधीच हाऊसमध्ये एक चिटोरा लिहून ठेवायला सांगा: परत आल्यावर पहिली तीन कामं. रिकाम्या डोक्याने बसण्यापेक्षा समोर लिहिलेलं काही असलं तर हात चालू होतो. शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या, दिवसांत मात्र वार्षिक परीक्षेचं वारं असतं. ढोलाचा आवाज आठवून मूल कासावीस होतं, पण तेव्हा घरी आणायचा हट्ट करू नये.

प्रतीक्षा यादीतून उशिरा गेलात तर

काही मुलांचं नाव दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या यादीत लागतं आणि ती वर्ग सुरू झाल्यावर पोचतात. पहिली चूक असते ती सगळ्या वह्या उतरवून काढायची. हात झिजतो, डोक्यात काही जात नाही. क्रम असा ठेवा. आधी गणित, कारण पुढचा धडा मागच्यावर उभा असतो. राहिलेल्या प्रत्येक धड्यातली सोडवलेली उदाहरणं बघून प्रत्येक प्रकारचं एक-एक गणित करायचं. मग विज्ञान, फक्त धडे वाचून. सामाजिक शास्त्रं नकाशा आणि चित्रांवरून चाळायची. भाषेचे धडे निवांत भरले तरी चालतात. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना विचारायचं की येत्या चाचणीला कुठले धडे आहेत. तेवढेच आधी.

परत आणायचं का?

पहिल्या दोन महिन्यांत जवळजवळ प्रत्येक मूल 'मला घरी ने' म्हणतं. तेव्हा निर्णय घेऊ नका. पण दिवाळीच्या सुट्टीनंतरही जेवण तुटलेलं असेल, झोप लागत नसेल, एकही मित्र नसेल, किंवा कुणी मोठा मुलगा त्रास देतोय असं कानावर आलं, तर गुणांचा विचार बाजूला ठेवा आणि हाऊसमास्तर, प्राचार्य यांना समोर बसून भेटा. त्रास देण्याची गोष्ट असेल तर त्याच दिवशी, लेखी. सगळं करूनही मूल सावरलं नाही तर गावचं हायस्कूल आहे, तिथूनही मुलं शिकून मोठी झालीच आहेत. 'लोक काय म्हणतील' म्हणून मुलाला तिथे ठेवणं मला पटत नाही. गुण कमी येतात एवढ्यासाठी परत आणणंही पटत नाही.

नववीला रिकाम्या जागांवर परीक्षा देऊन येणाऱ्यांना दोन शब्द. तुमच्या प्रवेश परीक्षेत हिंदीला १०० पैकी १५ गुण होते, म्हणून ती दुर्लक्षित राहिलेली असते, आणि इथे सामाजिक शास्त्रांची उत्तरं हिंदीत लिहायची असतात. तीन रकान्यांची वही तुम्हालाही लागेल, पाच शब्दांऐवजी रोज दहा. नववी-दहावीत ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात. त्या २० गुणांच्या वह्या आणि प्रकल्प वेळेवर दिले की निम्मी धावपळ वाचते. शिवाय नववीत साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात पाठवतात. सहावीच्या पालकांनीही ही गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवावी. तीन वर्षांनी आपलं मूल हिंदी प्रदेशात जाऊन शिकू शकतं, आणि तिकडची मुलं आपल्याकडे येतात.

वार्षिक परीक्षा झाली की उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवीची पुस्तकं उघडू नका, कुठल्या क्लासलाही घालू नका. पहिले आठ दिवस मुलाला झोपू दे, आंबे-फणस खाऊ दे. मग वर्षभराचे चाचणीचे पेपर काढून त्यावरची अक्षरं पुन्हा मोजा. 'न' लिहिलेले प्रश्न तेवढे वेगळ्या कागदावर उतरवा आणि रोज एक, सकाळच्या वेळी, मुलाला तुम्हाला समजावून सांगायला लावा.